सिस्टरची भिशी

सिस्टरनी सोळाशे रुपये माझ्या हातात ठेवले आणि जेवणघरातलं बोलणं थांबलं. वरण वाढणारी बाई डाव तसाच धरून उभी राहिली. कुणी माझ्याकडे बघेना. मी आधी माझी नखं बघितली. सकाळी स्वयंपाकघरात भाजी फोडणीला टाकली होती, नखं हळदीने पिवळी होती. निळी पडली असती तरी कळलं नसतं.

"चार नंबर," सिस्टर म्हणाल्या, "आठ दिवस. आणि स्वतःवर."

मी म्हटलं, "माझं काय बिघडलंय?"

"आधी जेव."

मी जेवले. दोन पोळ्या, वरण-भात, वांग्याची भाजी. मरणाची बातमी आली तरी भूक लागायची तेवढी लागते.

भिशीचे पैसे मिळाले तर माणूस खूश होतो. आमच्या भिशीत तसं नव्हतं. त्याला कारण सिस्टर.

आमचा आश्रम उज्जैनच्या बाहेर, भैरवगढच्या रस्त्याला. खाणं, कपडा, औषध ट्रस्टकडून. शिवाय दर पाच तारखेला ऑफिसातून प्रत्येकाला तीनशे रुपये हातखर्च. कुणाचा मुलगा पाठवतो, कुणाचं पेन्शन असतं, ज्यांचं काहीच नाही त्यांचे ट्रस्ट घालतं. माझे ट्रस्ट घालायचं. मी चाळीस वर्षं या गावातल्या मराठी घरांतून पोळ्या लाटल्या. पोळ्या लाटणाऱ्या बाईला पेन्शन नसतं.

हे पैसे बिस्कीट, तंबाखू, डोक्याचं तेल असल्या खर्चासाठी. पण म्हाताऱ्या माणसाला खर्चायची सवय राहत नाही. बहुतेक जण नोटा उशीच्या खोळीत, औषधाच्या रिकाम्या डबीत घालून ठेवत. मी पोलक्याच्या आत थैली टाचून ठेवली होती. त्यात माझ्या चितेच्या लाकडांचे पैसे जमत होते. माझ्यामागे लाकडं घालणारं कुणी नाही, म्हणून मी आपली सोय करत होते. एखादा गेला की कामाच्या बायका आधी त्याची उशी चाचपत. सिस्टर आल्या त्या वर्षी त्यांनी हे दोनदा बघितलं आणि त्यांचं डोकं फिरलं.

सिस्टर नागपूरकडच्या. सरकारी दवाखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आल्या, ती सगळी नोकरी वॉर्डात उभ्याने काढली. लग्न केलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "ड्यूटी बदलून मिळाली नाही." उंच, हाडापेराच्या, पाठ ताठ. माझ्याच खोलीत त्यांची कॉट होती, तीन नंबर. त्या कुणाला नावाने हाक मारत नसत, कॉटच्या नंबराने मारत. मॅनेजरला कॉट नव्हती, म्हणून त्याला "ओ बिना नंबरवाले" म्हणायच्या. चादरीचे कोपरे असे दुमडायच्या की रात्रभर झोपूनही चादर हलत नसे. दवाखान्यातून आणलेला वाकड्या आकाराचा स्टीलचा ट्रे होता, त्यात साबण ठेवायच्या. मी म्हटलं, यात तुम्ही काय काय धरलं असेल. म्हणाल्या, "धुतलाय."

त्यांच्याजवळ कुणी बसलं की बोलता बोलता त्या त्याचं मनगट हातात घ्यायच्या. पहिल्यांदा लोकांना वाटायचं, माया करतात. त्या नाडी मोजत असायच्या. शिकताना त्यांच्या मेट्रनने त्यांच्या अंगठ्यावर फूटपट्टी मारली होती. नाडी तीन बोटांनी बघायची, अंगठ्याने बघायची नाही. अंगठ्यात आपलीच नाडी उडते आणि आपण ती पेशंटची समजून मोजतो. ही गोष्ट त्यांनी मला वीसेकदा सांगितली असेल. दर वेळी अंगठा पुढे करून दाखवायच्या, वळ अजून असल्यासारखा.

आश्रमाची गाडी आम्हाला कधी कधी राम घाटावर न्यायची. सगळे पाण्याकडे बघत, देवळांकडे बघत. सिस्टर पायऱ्यांवर बसून लोकांच्या पायांकडे बघत. एकदा एका पंडिताला म्हणाल्या, "पंडितजी, एड़ी का घाव कब से है? शुगर दिखवा लो." तो म्हणाला, "माताजी, पहले संकल्प तो ले लो." त्या म्हणाल्या, "संकल्प ये है कि तुम कल डॉक्टर के पास जाओगे." त्याने पुढे काय केलं माहीत नाही. मला मात्र त्या दिवसापासून अनवाणी माणसाच्या टाचेकडे बघायची खोड लागली.

तर त्यांनी भिशी काढली. इकडे बीसी म्हणतात. त्यांना धरून दहा जण, महिन्याचे दोनशे. दोन हजार एकाला मिळणार. सगळीकडे चिठ्ठी काढून नंबर लावतात. सिस्टर म्हणाल्या, "चिठ्ठी कशाला? जो आधी जाणार त्याला आधी. मागे राहणाऱ्याला काय घाई आहे?"

गणिताचे एक मास्तर होते, कानाने अधू. त्यांना सगळं कागदावर लिहून द्यावं लागलं. वाचून त्यांनी हिशेब मांडला आणि ओरडले, कारण बहिरे लोक ओरडतात. "असं असेल तर शेवटच्याला स्वतःचेच दोनशे मिळतील!"

सिस्टरनी त्यांच्या कागदावर लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि मग त्यांना दिलं: "शेवटच्याला आयुष्य मिळतंय की. वर पैसेही पाहिजेत?"

नियम दोनच. पैसे आठ दिवसांत संपवायचे आणि स्वतःवर संपवायचे. नातवाला नाही, देवाला नाही, पुढच्या क्रियाकर्माला नाही. शिवाय काय केलं ते जेवणघरात सगळ्यांना सांगायचं.

या असल्या भिशीत दहा जण कसे शिरले, असं मला पुढे एका बाईने विचारलं. सोपं आहे. प्रत्येकाला खात्री होती की आपला नंबर शेवटी. आणि दर महिन्याला पैसे दुसऱ्याला मिळताना बघायचं, म्हणजे या महिन्यात आपण नाही, एवढं जाणत्या नर्सच्या तोंडून ऐकायचं. दोनशे रुपयांत ते महाग नव्हतं.

पहिल्या महिन्यात सिस्टरनी पैसे रेल्वेतल्या दादांना दिले. ते गार्ड होते, आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून फिरले. ते म्हणाले, "मला इंजिनाला लागून जो डबा असतो त्यात बसायचंय." त्यांनी रतलामचं जायचं-यायचं तिकीट काढलं, स्टेशनावर भजी खाल्ली, हमालाकडून रिकामी पिशवी उचलून घेतली आणि त्याला पन्नास रुपये दिले. जेवणघरात सांगताना म्हणाले, "पुढे बसलं की स्टेशन आधी येतं." एकोणिसाव्या दिवशी गेले.

दुसऱ्या महिन्यात नऊ जणांचे अठराशे, ते छपाईवाल्या बाबांना. भैरवगढला चादरी छापत म्हातारे झालेले, बोटांच्या पेरांत काळा रंग मुरलेला. त्यांनी आठ दिवस रोज सकाळी ऑटो करून टॉवर चौकात जाऊन पोहे-जिलबी खाल्ली. ऑटो थांबवून ठेवायचे आणि ऑटोवाल्यालाही खायला लावायचे. सिस्टर म्हणाल्या, "हे नियमात बसत नाही, दुसऱ्यावर खर्च झाला." बाबा म्हणाले, "अकेले खाओ तो सिस्टर, जलेबी ठंडी लगती है." सिस्टरनी सोडून दिलं. सव्विसाव्या दिवशी बाबा गेले.

खरं सांगायचं तर त्या दोघांचं कुणालाही दिसत होतं. दादांच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. बाबांना दोन पायऱ्यांत धाप लागायची. पण सिस्टरनी आधी सांगितलं आणि नंतर झालं, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. आश्रमात त्यांचा वचक बसला. त्या मनगट धरायला आल्या की लोक हात पदराखाली घ्यायला लागले.

आणि तिसऱ्या महिन्यात मी. मला सूज नाही, धाप नाही. नऊवारी नेसून अजून बादली उचलत होते. त्या सकाळी कॉटवर बसून आम्ही गवार मोडत होतो. सिस्टरनी सवयीने माझं मनगट मुठीत धरलं आणि बोलता बोलता मोजलं. पुन्हा मोजलं. पुन्हा. मग दुपारी पैसे.

त्यानंतर रोज भांडण.

"काय लागलं तुम्हाला माझ्या नाडीत?"

"दोन पडतात, एक गाळते. मध्येच पळत सुटते."

"मग औषध सांगा."

"सत्तरीच्या पुढे नाडीने ठरवलं की औषध ऐकत नाही. पैसे खर्च कर."

"मी ते थैलीत टाकणार. लाकडांना होतील."

"लाकडं कुणीतरी घालतंच, चार नंबर. वास येतो म्हणून तरी घालतात."

असं बोलायच्या. मला राग आला, पण खोटं काय होतं त्यात?

मला मरायचं नव्हतं. हे मी लिहिते कारण आश्रमातली माणसं एकमेकांना उलटं सांगतात. देव बोलावतोय, तयारी आहे, असं. माझी तयारी नव्हती. माझ्याकडे सोडून जाण्यासारखं काही नव्हतं, तरी नव्हती. सात दिवस मी ते सोळाशे घेऊन फिरले. फ्रीगंजला गेले, साड्या बघितल्या, मिठाई बघितली. मरणाऱ्या बाईला नवी साडी म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी साडी. मिठाई दोन घासांची. परत आले.

सातव्या दिवशी दुपारी पडले होते आणि कुशीखाली नेहमीचा खड्डा लागला. आश्रमातल्या गाद्या एकाकडून दुसऱ्याकडे जातात. माझ्या गादीवर माझ्याआधी दोघी वारल्या होत्या. जड होत्या, खड्डा त्यांचा. त्याआधी लोकांच्या स्वयंपाकघरात पोत्यावर झोपले, लग्न झाल्यावर सासूच्या जुन्या गादीवर. मी उठले आणि पिंजाऱ्याच्या दुकानात गेले.

"रुई नई डालना," मी म्हटलं. "पुरानी मत मिलाना. मैं यहीं बैठी हूँ."

तो म्हणाला, "अम्मा, किसकी शादी है?"

मी म्हटलं, "मेरी."

तो हसला, पण कापूस नवा घातला. मी समोर बसून पिंजताना बघितला. पट्ट्यापट्ट्यांचं कापड मी निवडलं. पंधराशे ऐंशी झाले. वीस रुपयांचा उसाचा रस प्यायले आणि ठेल्यावर गादी घालून, मागे चालत आश्रमात आले.

सिस्टर दारात उभ्या होत्या. गादी बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, ही दहा वर्षं टिकेल!"

"मग टिकू दे."

"मरणाऱ्या माणसाने दहा वर्षांची वस्तू घ्यायची? रबडी खायची, नावेत बसायचं..."

"नियम स्वतःवर खर्च करायचा होता," मी म्हटलं. "ही माझ्या अंगाखालीच राहणार. यापेक्षा स्वतःवर काय असतं?"

त्यांनी दारातून बाजूला होऊन ठेल्याला वाट दिली. असं फार वेळा होत नसे, म्हणून मला ते लक्षात आहे.

गादीमुळे मॅनेजरला कळलं. बाहेरची गादी म्हणजे ढेकूण, असं म्हणत तो आला आणि विचारता विचारता भिशीपर्यंत पोचला. जेवणघरात सगळ्यांसमोर ओरडला, "ये आश्रम है कि सट्टा बाज़ार? किसकी मौत पर पैसा लग रहा है? अगले महीने से नगद बंद. जो चाहिए पर्ची पर लिखो, ऑफिस ला देगा."

सिस्टर म्हणाल्या, "पर्ची पे इंजन के पीछे का डिब्बा लिखें तो लाओगे?"

"आप लोगों को डरा-डराके मार रही हैं, सिस्टर."

हे त्यांना लागलं. तोंडावर दिसलं. खोलीत आल्यावर मला म्हणाल्या, "खरं आहे का गं ते? तुला भीती वाटते?"

मी म्हटलं, "वाटणार नाही? रोज उठले की आधी मनगट धरून बघते."

"काय लागतं?"

"मला काय कळतं त्यातलं. मी चौथी पास."

त्यांनी उशा नीट केल्या आणि टेकून बसल्या. त्या दिवसांत त्या तीन उशा घ्यायच्या. आधी एक होती, मग दोन, मग माझी मागून घेतली. पायात मोजे घालायच्या, वैशाखातही. बोटं हिवाळ्यापासून आखडली होती, पोलक्याच्या गुंड्या मी लावायचे. हे सगळं मी रोज बघत होते. मला वाटलं, म्हातारपण.

विसाव्या दिवशी आश्रमात तपासणीचं शिबिर लागलं. सिस्टर गेल्या नाहीत. म्हणाल्या, "कालच्या पोरी मला काय तपासणार." मी गेले. एक तरुण डॉक्टरीण होती. तिने माझ्या मनगटावर तीन बोटं ओळीने ठेवली, घड्याळाकडे बघितलं. छातीला पट्टे लावून कागद काढला. म्हणाली, "अम्मा, आपकी नाड़ी तो घड़ी है. क्या खाती हैं?"

"आश्रम का खाना," मी म्हटलं. "फिर से देखो."

तिने पुन्हा बघितलं. पुन्हा तीन बोटांनी.

मी कागद घेऊन खोलीत गेले.  कागद सिस्टरच्या मांडीवर टाकला.

"तुम्ही चुकलात. वीस दिवस मला जिवंतपणी मारलंत."

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. वरपासून खालपर्यंत. मग म्हणाल्या, "त्या सकाळी मी तुझं मनगट कसं धरलं होतं? मला धरून दाखव."

मी त्यांचं मनगट त्यांच्यासारखंच मुठीत धरलं. बोटं खाली, अंगठा वर, शिरेवर दाबून.

त्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. माझ्या नाही, स्वतःच्या. मग तो हात वर घेऊन आखडलेली तीन बोटं सरळ करायचा प्रयत्न केला. झाली नाहीत.

"मेट्रनची पट्टी कमी पडली," त्या म्हणाल्या.

मला तेव्हा समजलं. दोन पडतात, एक गाळते ती नाडी कुणाची, ते.

मी खाली बसले.  मग त्या म्हणाल्या, "म्हणजे ते सोळाशे माझे होते."

"गादी घ्या मग," मी म्हटलं. मनापासून म्हटलं असं सांगणार नाही. नियम होता म्हणून म्हटलं.

"सरक, बघू तरी."

त्या माझ्या कॉटवर आडव्या झाल्या. आडवं होताच खोकला आला, म्हणून मी तिन्ही उशा आणून पाठीला लावल्या. तासभर होत्या. कापूस दाबून बघितला, शिवण बघितली.

"कापूस चांगला घातलाय. पण लांबीला कमी. तुझ्या मापाची आहे. माझे पाय बाहेर जातात."

"तुम्हाला काय घ्यायचं होतं?" मी विचारलं. "पाच तारखेला तुमचा नंबर. मॅनेजरने नगद दिले नाहीत तर माझ्या थैलीत आहेत. सांगा."

त्यांनी विचार केला. खरंच केला, डोळे मिटून. सगळ्या आश्रमाला खर्च कर, खर्च कर म्हणून पिडणारी बाई.

"काही सुचत नाही गं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांचं सुचतं."

मग आपल्या कॉटवर गेल्या आणि मी त्यांचे मोजे नीट केले.

चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी गेल्या, उशांना टेकून बसलेल्या. पाच तारखेला अजून बरेच दिवस होते. लाकडं ट्रस्टने घातली. त्यांनी सांगितलं होतं ते बरोबर होतं, कुणीतरी घालतंच. मी थैलीला हात लावला नाही. चादरीचे कोपरे मात्र त्यांच्यासारखे दुमडून बघितले. जमले नाहीत.

आश्रमात आता सांगतात की सिस्टरना आपलं कळलं होतं, त्यांनी मुद्दाम आपला नंबर मला दिला, केवढं मन. बायका डोळे पुसतात. मी त्यांना सांगते, तसं काही नाही. त्या चुकल्या. ज्या चुकीसाठी त्यांनी मार खाल्ला होता तीच चूक म्हातारपणी केली, कारण बोटं वळत नव्हती आणि मनगट धरल्याशिवाय राहवत नव्हतं. बायकांना हे आवडत नाही.

भिशी तिथेच संपली. पुढचं नाव सांगायला कुणी तयार नव्हतं. मॅनेजरने नगद बंद केलं नाही, विसरला असेल. पाच तारखेला तीनशे मिळतात. मी त्यातले थैलीत टाकत नाही. टॉवर चौकात जाऊन जिलबी खाते. ऑटोवाल्याला देत नाही, शेअरच्या ऑटोने जाते.

याला सहा वर्षं झाली. भिशीतल्या दहा जणांपैकी आता दोघं आहोत, बहिरे मास्तर आणि मी.